डब्यातला रुपया



गेल्या आषाढात आमच्या घराचा पत्रा गळू लागला आणि पोटमाळ्यावरचे सगळे सामान खाली काढावे लागले. जुन्या गोधड्या, फुटका कंदील, मुलांची पाटी-दप्तरे, आणि या सगळ्यांच्या तळाशी आमच्या कालकथित वडिलांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण गंजून घट्ट बसलेले. चमच्याच्या दांड्याने उचकटले तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "त्यात काय, मामंजींची मोड असेल." मोडच होती. पण नातीने ती जमिनीवर ओतली आणि मग संध्याकाळपर्यंत घरात कोणाला चहाची आठवण झाली नाही.

वडील गिरणीत होते. शिक्षण जेमतेम चौथी. पण पगाराच्या दिवशी घरी आले की आधी मोड सतरंजीवर पसरायची आणि त्यातले एखादे न पाहिलेले नाणे बाजूला काढायचे, हा त्यांचा शिरस्ता. आई म्हणायची, "अहो, रुपया डब्यात घालून कधी रुपया व्यालाय का?" वडील हसायचे आणि नाणे डब्यात टाकायचे. कुणाला दारूचा नाद, कुणाला मटक्याचा. आमच्या वडिलांना हा. आई पुढे पुढे बोलायची थांबली, पण महिनाअखेरीला त्याच डब्यातून चार आणे काढून रॉकेल आणायची, हेही आम्ही पाहिले आहे.

त्या डब्यात काय नव्हते! १९४३ ते १९४७ च्या दरम्यानचे भोकाचे पैसे. महायुद्धात तांबे कमी पडले म्हणून सरकारने मधोमध भोक पाडून पैसा काढला. आमच्या आजीच्या पिढीने ते करगोट्यात ओवून लेकरांच्या कमरेला बांधले. १९४७ सालचा वाघाचा रुपया. १९५० चा पैसा, त्यावर घोडा; त्याच साली निघालेले एक आणा, दोन आणे, त्यांवर बैल; आणि या सगळ्यांच्या दुसऱ्या बाजूस अशोकाचे सिंहशीर्ष. इंग्रज राजाचे डोके गेले आणि सारनाथचे सिंह आले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि तळहातावर दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहणे निराळे. नातीला ती तशीच दाखवली. ती म्हणाली, "आबा, राजा हरला होय?"

मग 'नया पैसा'. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नव्याला 'नया' म्हटले, आणि १९६४ साली लोकांना सवय झाल्यावर 'नया' काढून टाकला. आई सांगायची, त्या पहिल्या वर्षी वाण्याच्या दुकानात रोज भांडण. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर होतात, पण एका आण्याचे सहा की सव्वासहा? तो पाव पैसा नेमका कुणाच्या खिशात गेला, हे ज्यांची चूल महिन्याला चाळीस रुपयांवर चालत होती त्यांनाच ठाऊक.

पुढची अॅल्युमिनियमची नाणी तर आमच्या वयाच्या वाचकांनी स्वतः हाताळली आहेत. चौकोनी पाच पैसे, नक्षीच्या काठाचे दोन आणि दहा, षटकोनी तीन पैसे. फुंकर मारली तर उडतील इतकी हलकी. १९६८ सालापासून कमळाचे पिवळे वीस पैसे निघाले. त्यात सोने आहे अशी अफवा आमच्या चाळीत उठली आणि एका काकूंनी तशी नाणी साठवून मणी करायला दिली. मणी पितळी निघाले. काकूंनी ते वर्षभर घातले, आणि कोणी विचारलेच तर, "आतून आहे सोनं," असे सांगायच्या.

नाणे जमवणाऱ्याचा खरा आनंद सालाच्या खाली असतो. सालाखाली बारीक चौकटीसारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एवढे कळले की रोजची मोड ही मोड राहत नाही. आम्ही स्वतः बसने कामावर जात असू. कंडक्टरने दिलेले सुटे पैसे पुढच्या थांब्यापर्यंत उलटेसुलटे करून पाहायचो. शेजारचा प्रवासी समजायचा, बुवा फार हिशेबी दिसतात.

आणि खंत? तीही त्याच डब्यात आहे.

आईकडे चांदीचे नऊ रुपये होते. तिच्या आईने तिला लग्नात दिलेले. गोधडीच्या कोपऱ्यात शिवून ठेवलेले. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात बारातले अकरा भाग शुद्ध चांदी. १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ ला तीही काढून निकेलचा रुपया केला. आईचे रुपये जुन्या चांदीचे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले दोन महिने उसनवारीवर गेले. जून उजाडला तशी आमची फी, धाकट्याची पुस्तके आणि घरभाडे एकदमच दाराशी उभे राहिले. आईने गोधडी उसवली. सराफाने काट्यावर नऊही रुपये एकदम टाकले, घट धरली आणि चांदीच्या भावाने पैसे मोजून दिले. वडील बरोबर गेले नव्हते. आम्ही गेलो होतो. त्यांतल्या एका रुपयावर कोणते साल होते ते आम्ही पाहिले नाही, पाहायचे सुचलेही नाही. पुढे या छंदात पडल्यावर कळले की सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया अतिशय दुर्मिळ आहे. तेव्हापासून मन उगाच त्या काट्याकडे जाते. त्या नवांत तो नसणारच, हे शंभर टक्के समजते. आईचे लग्न त्याच्या आसपासचे, हेही आठवते. पण त्या पैशांवर आम्ही मॅट्रिक झालो, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची?

चांदीच्या रुपयाचा विषय निघाला की बाबासाहेबांचे नाव येणारच, आणि ते केवळ भक्तीने नव्हे. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. १८९३ साली सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळीची दारे बंद केली. त्याआधी कोणीही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यानंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा जास्त ठरली, आणि रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले. बाबासाहेबांचे म्हणणे असे की टांकसाळ जशी लोकांना बंद केली तशी सरकारलाही बंद करा. नाहीतर सरकार वाटेल तितके रुपये पाडील, भाव चढतील आणि ज्याचा पगार ठरलेला आहे त्या गरिबाचे पोट कापले जाईल. आमच्या आजीच्या गोधडीतला रुपया म्हणजे हाच प्रश्न. पुस्तक अवघड आहे, आम्हाला ते दोन वेळा अर्ध्यावर ठेवावे लागले. पण हाती एक जुना रुपया घेऊन बसले तर पहिली प्रकरणे उमगतात, असा आमचा अनुभव आहे.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० सालचा एक रुपया निघाला, त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. एका बाजूस सिंहशीर्ष, दुसऱ्या बाजूस बाबासाहेब. आमच्या वस्तीत पहिला रुपया आला तो एका बँकेतल्या शिपाई बांधवाकडून. त्यांनी तो रुमालात बांधून आणला होता. लोक पाहायला दाराशी जमले. कोणी कपाळाला लावला, कोणी नुसतेच पाहत राहिले. एक म्हातारे बाबा म्हणाले, "ज्याला पाण्याला हात लावू दिला नाही, त्याला आता सगळे खिशात घेऊन फिरतील." वडिलांनी त्यानंतर तसे अकरा रुपये जमवले. वाण्याला, दूधवाल्याला सांगून ठेवले होते की आला तर बाजूला काढ, आम्ही बदलून देऊ.

त्या अकरांचे आज सात आहेत. एक धाकट्याने बसच्या तिकिटाला दिला, याबद्दल वडील त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. दोन पाहुण्यांना भेट गेले. आणि एकाला आईने भोक पाडून आणले. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात तो रुपया तिने शेवटपर्यंत घातला. आता नाणेशास्त्राच्या दृष्टीने भोक पडलेले नाणे म्हणजे बाद. जाणकार माणूस त्याकडे पाहणारही नाही. खरे सांगायचे तर आम्हीही तेव्हा आईवर रागावलो होतो. "एवढे चांगले नाणे, कशाला नासवलेस?" आई म्हणाली, "डब्यात ठेवायला का काढलंय सरकारनं?"

२०१५ साली, सव्वाशेव्या जयंतीच्या वर्षी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांची आणखी दोन नाणी प्रकाशित झाली, दहा रुपयांचे आणि एकशेपंचवीस रुपयांचे. एकशेपंचवीसचे हे चांदीमिश्रित, संग्रहासाठीच काढलेले; वाण्याकडून ते कधी येणार नाही. आमच्याकडे दहाचे आहे. ते भाजीवालीकडून आले. ती ते घ्यायलाच तयार नव्हती, म्हणाली, "हे चालत नाही." दहाचे नाणे चालत नाही ही खुळी समजूत अजून बाजारात आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की तोवरच्या चौदाही नमुन्यांची नाणी चलनात आहेत. आठ आणेही कायद्याने चालू आहेत; बंद झाले ते चार आणे आणि त्याखालचे, ३० जून २०११ पासून. पण वाण्यापुढे कायदा सांगून बघा!

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो, परंतु घरोघर हे चालले आहे म्हणून सांगतो. आमचा एक पुतण्या रिक्षा चालवतो. २०२३ साली त्याच्या मोबाईलवर संदेश आला की बाबासाहेबांचा १९९० चा रुपया असेल तर साडेतीन लाखांना घेऊ. खाली अशोकस्तंभाचे चित्र, मोठ्या बँकेचे नाव, शिक्का. पोराने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा, "जयभीम भाऊ," असे म्हणूनच सुरुवात. आधी नोंदणीचे १,२५० रुपये. मग कराचे ४,८००. मग ना-हरकत दाखल्याचे ८,६५०. तिसऱ्या वेळी पोराने बायकोची कर्णफुले गहाण ठेवली. सगळे मिळून १४,७०० रुपये गेले आणि फोन बंद झाला.

तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही पहिल्यांदा ओरडलो. ते चुकले. त्याने एवढेच विचारले, "काका, तुम्हीच तर सांगायचा, हा रुपया अनमोल आहे म्हणून." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा वाचकहो, नीट लक्षात घ्या. १९९० चा तो रुपया लाखो-करोडोंच्या संख्येने चालणाऱ्या पैशांसारखाच लोकांच्या हाती आलेला आहे, आणि नाणी विकणाऱ्यांकडे तो थोडक्या रुपयांत मिळतो. देवीचे चित्र असलेल्या पाचाच्या, दहाच्या नाण्यांबद्दलही अशाच थापा फिरतात. रिझर्व्ह बँक जुनी नाणी, जुन्या नोटा लाखांत विकत घेत नाही, त्यासाठी दलाली किंवा शुल्क मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने तशी जाहीर सूचना दिली होती. विकणाऱ्याकडून जो आधी पैसे मागतो, तो घेणारा नाहीच. कोणी फसले असेल तर लपवू नका, १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. आमच्या पुतण्याने लाजेखातर बारा दिवस घालवले.

फसण्यात आम्हीही मागे नाही. काही वर्षांपूर्वी एका लेणीच्या पायथ्याशी एकाने 'बुद्धाचे नाणे' म्हणून पाचशे रुपयांना एक नाणे दिले. कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर बुद्धाची मूर्ती आणि ग्रीक लिपीत 'बोद्दो' अशी अक्षरे आहेत, हे आम्ही वाचलेले होते. तेवढ्या अर्धवट ज्ञानाने घात केला. पुढे एका जाणकारांना दाखवले. त्यांनी कडेवर बोट फिरवले. साच्यात ओतल्याची शिवण कडेने गोल फिरली होती. अस्सल नाणे ठोकून पाडलेले असते, त्याला अशी शिवण नसते. ते म्हणाले, "अहो, कनिष्काची बुद्धाची नाणी जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांना मिळत नाहीत, ती तुम्हाला उसाच्या रसाच्या गाडीशेजारी कशी मिळतील?" आम्ही ते नाणे अजून ठेवले आहे. पाचशे रुपये फी समजून.

मात्र खरे काही पाहायचे तर ते समोरच पडले आहे. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावरचे जेतवनाचे शिल्प आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. अनाथपिंडिकाने राजकुमार जेताची बाग घेतली ती जमीन नाण्यांनी झाकून. शिल्पात बैलगाडी सोडलेली आहे, बैल बाजूला बसले आहेत आणि माणसे चौकोनी नाणी जमिनीवर फरशीसारखी मांडत आहेत. जुने कार्षापण असेच होते, चांदीची पट्टी कापून त्यावर खुणा ठोकलेले. शिल्पकाराने आपल्या खिशातलेच नाणे दगडात उतरवले.

आणि आपल्या नाशिकच्या लेण्यांत तर हिशेबच कोरलेला आहे. राजा नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने, दरमहा. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाचे दोनशेचाळीस, वीस भिक्खूंना बारा-बारा, दोनशेचाळीस. पैचा फरक नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांच्या हाती एवढी रक्कम विश्वासाने ठेवली जात होती, हे आम्ही आमच्या गिरणीकामगार वडिलांना सांगू शकलो असतो तर त्यांना फार बरे वाटले असते.

त्याच नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडली. त्यांतल्या बऱ्याचशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली खूण पुन्हा ठोकलेली आहे. युद्धात नहपानाचा पाडाव केला आणि त्याचेच नाणे, त्याच्याच तोंडावर आपला शिक्का मारून चालवले. हरलेला राजा कसा दिसतो ते नातीला पुढे दाखवायला नेणार आहोत. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. एका रविवारी सिनेमाऐवजी मुलांना घेऊन जायला हरकत नाही, पण आधी वार-वेळ विचारून जा. आम्ही एकदा बंद दार पाहून परतलो आहोत.

काही भगिनी विचारतील म्हणून: जुनी नाणी चिंचेने, राखेने घासू नका. आमच्या मंडळींनी प्रेमाने वडिलांचे चार आणे घासून लख्ख केले, आणि त्यांच्यावरची साठ वर्षे निघून गेली. साध्या कोरड्या कागदी पाकिटात एकेक नाणे ठेवा. स्वस्त प्लास्टिकच्या पिशव्यांत त्यांना हिरवा चिकटा धरतो. आणि शेतात, विहीर खणताना जुनी नाणी निघाली तर ती आपापसांत वाटून सराफाकडे नेऊ नका. १८७८ च्या कायद्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

आता तर मोडच दिसेनाशी झाली आहे. भाजीवालीपुढे, चहाच्या टपरीवर, सगळीकडे तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन लावलेला. आम्हीही त्यावरच पैसे देतो, कबूल करतो. पण मग पगाराच्या दिवशी सतरंजीवर काय पसरायचे?

परवा नातीने शाळेच्या वहीचे कागद फाडून पाकिटे केली. प्रत्येकावर ती विचारून विचारून लिहीत होती. 'भोकाचा पैसा, १९४४, खापरपणजीचा.' 'नया पैसा, १९५७, पणजोबांचा.' 'खोटे नाणे, आबा फसले.' आमचा पुतण्याही त्या दिवशी आला होता. त्याने आपला रुपया, ज्यासाठी एवढे सगळे झाले तो, खिशातून काढून तिच्यापुढे ठेवला. कर्णफुले अजून सुटलेली नाहीत. नातीने त्याचे साल वाचले, सालाखालची खूण पाहिली आणि विचारले, "काका, यावर काय लिहू?" तो म्हणाला, "तुझ्या बापाच्या काकाचा, एवढंच लिही."

शेवटी आईचा भोक पाडलेला रुपया उरला. काळा दोरा अजून त्यात आहे. तो काढावा की राहू द्यावा, यावर बरीच चर्चा झाली. दोऱ्यासकट तो पाकिटात मावेना, म्हणून नातीने त्याच्यासाठी मोठे पाकीट केले.